कार्ब्युरेटरवाली मारुती ८००: गळती आणि स्टार्टिंगची दुखणी घरच्या घरी कशी काढावीत

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कार्ब्युरेटरवाल्या गाड्या त्याच्याही बऱ्याच आधी, साधारण २००० सालाच्या आसपास, एमपीएफआयला (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेला) जागा देऊन मागे पडल्या. त्यामुळे आज दारात उभी असलेली कार्ब्युरेटरवाली ८०० बहुधा दोन तपांहून जुनी असते. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन मात्र साधे आणि चिवट आहे. या वयाच्या गाडीत बिघाड होतो तो बहुतेक वेळा रबराचा, पॅकिंगचा आणि तारांच्या सांध्यांचा, लोखंडाचा क्वचितच. म्हणूनच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) किंवा कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारा भाग) असे महागडे भाग बदलण्याआधी पद्धतशीर तपास केला, तर निम्म्याहून अधिक दुखणी पॉलिश पेपर, दोन जुबिली क्लिपा आणि हातभर पाइप यांतच मिटतात. हा लेख त्या तपासाचा क्रम सांगतो. एमपीएफआय गाडीला यातील इंधनाचा भाग लागू पडत नाही. बाकीचा बहुतांश लागू पडतो.

हत्यारे आणि खबरदारी

१०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे रिंग व फिक्स पाने, २१ मिलिमीटरचा प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज, साधा डिजिटल मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, बारीक पॉलिश पेपर आणि चांगली बॅटरी एवढे जवळ असले की काम सुरू करता येते. गाडीखाली शिरायचे असेल तर सपाट, टणक जमिनीवर मागच्या चाकांना दगड लावून गाडी घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, काम दोन मिनिटांचे असले तरी.

पेट्रोलच्या वाहिनीला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून सर्व्हिस पिटमध्ये पेट्रोलचे काम नको. कोरड्या पावडरीचे छोटे अग्निशामक हाताशी असावे. रेडिएटरची कॅप इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत उघडू नये.

गळती नेमकी कुठून होते हे आधी ठरवावे

फरशीवर पडलेला थेंब कुठून निघाला हे तो सांगत नाही. गाडी चालताना वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येते. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून चारही चाकांच्या जागा पेन्सिलने खुणावल्या, तर सकाळी डाग नेमके कोणत्या भागाखाली आहेत हे दिसते. तपकिरी-काळे तेल इंजिनाचे असते. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास येणारे तेल गियरबॉक्सचे असते. हिरवे किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारे पाणी म्हणजे कूलंट. पेट्रोल बहुधा उडून जाते आणि मागे फक्त वास व फिकट डाग उरतो. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची समजून गाडी जागेवरून हलवू नये. ते काम या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे. एसी चालवल्यानंतर डावीकडे पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

पुढची पायरी म्हणजे धुलाई. वर्षानुवर्षे साचलेल्या चिखल-तेलाच्या थरावर गळती शोधणे व्यर्थ आहे. इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग), कॉइल, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्यावे, पाण्यात मिसळणारे डिग्रीझर ब्रशने चोळावे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोराचा फवारा मारण्याचा मोह टाळावा, नाहीतर गळती शोधता शोधता स्टार्टिंगचे दुखणे मागे लागते. इंजिन वाळल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी आणि टॉर्च घेऊन पाहावे. ओल जिथे सर्वांत उंचावर दिसते, तिथे उगम असतो.

इंजिन ऑइलची गळती

कोणतेही पॅकिंग उघडण्याआधी ब्रीदरचा पाइप तपासावा. पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागात, उतरणारे वायू या पाइपातून एअर फिल्टरकडे जातात. तो काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सीलमधून बाहेर रेटले जाते. अशा गाडीला नवी पॅकिंगे घातली तरी ती महिन्याभरात पुन्हा पाझरतात. पाइप काढून रॉकेलने धुवावा, वाळवावा, आरपार फुंकून पाहावा. त्यानंतरही इंजिन चालू असताना तेल भरण्याची कॅप उघडल्यावर जोरदार धक्क्यांनी हवा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे, आणि मग पॅकिंग बदलून फार अपेक्षा ठेवू नये.

ब्रीदर ठीक असेल तर पहिला संशय टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगवर घ्यावा. हे काम घरी निर्धास्तपणे करता येते. एअर फिल्टरचा डबा काढावा. काढलेल्या प्रत्येक पाइपाला चिकटपट्टी लावून क्रमांक द्यावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडके झाकावे, कारण तिथे पडलेला वॉशर थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. कव्हरचे बोल्ट काढून कव्हर हलवून सोडवावे. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नये. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने त्याच्या कडेला ओरखडा पडला तर तो कायमची गळती होऊन बसतो. जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, दोन्ही कडा थिनरच्या बोळ्याने कोरड्या कराव्यात. कव्हर काचेवर पालथे ठेवून कुठे उचलले जाते का ते पाहावे. नवे रबरी पॅकिंग कोरडेच बसवावे आणि अनाबॉण्डसारखे सीलंट फक्त कोपऱ्यांत, राईएवढे लावावे. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने पान्याने बेताने आवळावेत. गळतेय म्हणून आणखी आवळणे ही इथली सर्वांत खर्चिक सवय आहे. त्याने पॅकिंग चेपते, पत्रा वाकतो आणि अॅल्युमिनियममधले आटे निघतात.

दुसरी जागा डिस्ट्रिब्युटरची. या इंजिनात तो हेडच्या गियरबॉक्सकडील टोकाला बसतो आणि त्याच्या बुडाशी रबराची ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल ओघळून थेट गियरबॉक्सच्या तोंडावर येते, आणि खालून पाहणारा माणूस क्रँकचे मागचे सील गेल्याचे निदान करतो. त्या सीलसाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो. ओ-रिंग चहाच्या पैशांत मिळते. म्हणून मागच्या सीलचा निर्णय घेण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या खाली बोट फिरवून पाहावेच. ओ-रिंग बदलताना डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर आणि हेडवर जुळणारी रेघ ओढावी, आतला रोटर कुठे तोंड करून आहे याचीही खूण करावी, आणि तो बाहेर असेपर्यंत इंजिन अजिबात फिरवू नये. खुणा जुळवून बसवला की टायमिंग जवळपास जागेवर येते, तरीही टायमिंग लाइटने एकदा तपासून घेणे योग्य.

ऑइल प्रेशर स्विच आणि ड्रेन प्लगचा वॉशर या दोन किरकोळ जागा लगोलग बघून घ्याव्यात. टायमिंग बेल्टच्या कव्हरखालून तेल येत असेल तर कॅमचे किंवा क्रँकचे पुढचे सील गेलेले असते. तेलात भिजलेला बेल्ट पुसून वापरू नये. सील आणि बेल्ट एकत्र बदलावेत, आणि टायमिंगच्या खुणा जुळवण्याचा अनुभव नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे.

कूलंटची गळती

रेडिएटरच्या वरच्या-खालच्या पाइपांची टोके, वॉटर पंप, रेडिएटरच्या टाकीचा सांधा आणि कॅप, या क्रमाने पाहावे. पाइप थंड असताना दाबून बघावा. फुगलेला, मऊ पडलेला किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप बदलायला झालेला असतो. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असते. तिथून ओघळ किंवा वाळलेला रंगीत डाग दिसला तर आतले सील संपलेले असते आणि पंपच बदलावा लागतो. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत, पण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पंप रस्त्यात जाम होतो. कॅपचे रबर चिरले असेल तर पाणी दाबाखाली टिकत नाही, लवकर उकळते आणि बाटलीतून बाहेर फेकले जाते. नवी कॅप जुन्या कॅपवर छापलेल्या दाबाचीच घ्यावी.

बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने क्षार साचतात, बारीक नळ्या तुंबतात आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. पाइप बदलण्याच्या निमित्ताने सगळे पाणी काढून टाकावे आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. भरताना हीटरचा नॉब गरमकडे ठेवावा, कॅप उघडी ठेवूनच थंड इंजिन चालू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी. त्या वेळी पंख्यापासून हात दूर असावेत, तो अचानक सुरू होतो.

बुडबुडे थांबतच नाहीत, पाणी कुठेही न सांडता कमी होते आणि इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ही हेड गॅस्केटची लक्षणे आहेत. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले तर शंका उरत नाही. मात्र केवळ तेलाच्या कॅपखाली साय जमली म्हणून घाबरू नये. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती दमटपणानेही जमते.

पेट्रोलची गळती

या गळतीला उद्या करू हे उत्तर नाही. वास येत असेल तर गाडी चालवू नये. जुन्या रबरी पाइपांना बिघडायला आता आणखी एक कारण मिळाले आहे: पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले आहे आणि नव्वदच्या दशकातले रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते कडक होते, भेगाळते किंवा आतून सुटून त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत) अडकतात. टाकीकडचे, फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सर्व रबरी तुकडे एकदाच बदलावेत. नवा पाइप ‘एसएई जे३० आर९’ अशी खूण असलेला घ्यावा. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दिसायला छान असते, पण इंजिनाच्या उष्णतेत ती काही महिन्यांत काचेसारखी ठिसूळ होते.

गॅरेजात ज्याला एसी पंप म्हणतात तो पेट्रोलचा यांत्रिक पंपही तपासावा. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल पंपाच्या भोकातून बाहेर येते किंवा आतल्या आत इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंप बदलून लगेच तेलही बदलावे. पातळ झालेल्या तेलावर इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंगांचा घात आहे. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

गाडी सुरू होत नाही: आधी आवाज ऐकावा

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते, यावरून तपासाची दिशा ठरते.

काहीच आवाज नाही किंवा नुसती ‘टक’ होते, अशा वेळी हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे पार विझत असतील तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल दोषी. दिवे तसेच तेजस्वी राहत असतील तर सेल्फकडे करंट पोहोचत नाही किंवा सेल्फच बिघडला आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही घसरला तर ती संपली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले नाहीत, तर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. अल्टरनेटर आणि त्याच्या बेल्टचा ताण आधी बघावा.

सेल्फ रडत रडत फिरतो, हे जुन्या ८०० चे नेहमीचे दुखणे आहे आणि त्याचे कारण पुष्कळदा अर्थिंगमध्ये (इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणाऱ्या जोडणीत) सापडते. त्याची चाचणी अशी: कॉइलची प्राथमिक तार काढावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या खरवडलेल्या धातूवर धरून मदतनिसाला सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंग खराब आहे. त्याच पद्धतीने पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फवरचा जाड बोल्ट हा मार्गही मोजावा. सेल्फ मारल्यावर चोकची किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल, तर मोजायचीही गरज नाही. इंजिनाचा करंट परतीची वाट शोधत त्या बारीक केबलमधून चालला आहे. अर्थिंगची पट्टी दोन्ही टोकांना सोडवावी, रंग आणि गंज जाऊन धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारावा, घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी.

या दोन्ही चाचण्या पार पडल्या आणि तरी ‘टक’च होत असेल, तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विद्युत स्विचचे) संपर्क किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात. सेल्फ उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेता येतो; आख्खा नवा घेण्याची गरज सहसा नसते. तोवर गाडी सेकंड गियरमध्ये, किल्ली चालू ठेवून धक्का मारून सुरू करता येते.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

आता करंट नाही की पेट्रोल नाही एवढेच ठरवायचे आहे, आणि ते एक प्लग काढून कळते. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला असेल तर करंट नाही किंवा पेट्रोल जास्त झाले. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही.

करंट तपासताना प्लग वायरीत खोचून त्याची धातूची कडा इंजिनाला पक्की टेकवावी, पेट्रोलच्या पाइपांपासून दूर, आणि मदतनिसाने सेल्फ मारावा. प्लग हातात धरू नये. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत वायर मोकळी लोंबत ठेवून सेल्फ मारणेही टाळावे, त्याने आतला मॉड्यूल जळू शकतो. ठणठणीत निळी ठिणगी हवी. पिवळसर, अडखळणारी चालत नाही. ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्पने कॉइलच्या पॉझिटिव्हवर करंट येतो का पाहावे. येत असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडावी. आत ओल, मधल्या कार्बनची मोड किंवा दोन खुंट्यांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का बघावे. ती रेघ करंटने जाळलेली वाट असते. पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी रुसणाऱ्या गाड्यांचे कारण बहुधा इथेच असते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवले तर कमकुवत वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

जुन्या, पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. वायरी काढताना क्रम विसरल्यास या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२ आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पेट्रोलच्या बाजूने पाहता कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या खणाला पातळी दाखवणारी छोटी काच असते. पेट्रोल तिच्या मध्याशी दिसले तर पंप आणि फिल्टर निर्दोष आहेत. दिसले नाही तर कॉइलची तार काढून, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारावा. पेट्रोल ठरावीक ठोक्यांनी उसळायला हवे. उसळत नसेल तर आधी फिल्टर, मग टाकीकडच्या पाइपातील हवा ओढणारी भेग आणि शेवटी पंप पाहावा. काचेत पेट्रोल आहे, पण गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक ढकलताच बंद पडते, अशा वेळी किल्ली चालू-बंद करून कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडची (पेट्रोल सोडणाऱ्या-रोखणाऱ्या विजेवरच्या झडपेची) बारीक ‘टक’ ऐकावी. ती येत नसेल तर तार सुटलेली किंवा सोलेनॉइड गेलेला असतो. ती येत असेल तर स्लो जेट (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारा जेट) काढून कार्ब क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालून जेट टोकरू नये. भोक मोठे झाले की अॅव्हरेज कायमचे बिघडते.

उन्हाळ्यात लांबून आलेली गाडी दहा मिनिटे थांबवल्यावर सुरू होत नाही, ही वेगळी तक्रार आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन फ्लड झालेले, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालेले, असते: चोक पूर्ण आत ठेवून, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा, पंप केल्यासारखा दाबू नये. वास येत नसेल तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकली आहे. एसी पंपावर ओले फडके ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबल्यास ती सुटते. हे वारंवार होत असेल, तर पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मनिफोल्डला टेकलेला नाही ना आणि कार्ब्युरेटरखालचे उष्णतारोधक जाड पॅकिंग शाबूत आहे ना, हे बघावे.

दुरुस्तीनंतरची फेरतपासणी

नव्या रबराचे सांधे पहिल्या काही तापण्या-थंडावण्यांत बसतात. साधारण शंभर किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, रेडिएटरच्या आणि पेट्रोलच्या सर्व क्लिपा पुन्हा एकदा हळूच आवळाव्यात. टॅपेट कव्हरचे बोल्ट मात्र नुसते तपासावेत, ताकद लावू नये. तेल आणि कूलंट यांची पातळी तारखेसह वहीत लिहून ठेवावी. पुठ्ठा आणखी आठवडाभर रोज रात्री गाडीखाली सरकवावा.